चैत्र-वैशाखात घराभोवतीची पिल्लं बघायची, तर आधी काय आणि मग काय

दर वर्षी एप्रिल-मे आला की आमच्या ओळखीपाळखीत तेच प्रश्न फिरायला लागतात. "पक्ष्याचं पिल्लू खाली पडलंय, काय देऊ खायला?" "काजूच्या बागेत बिबट्याची पिल्लं सापडली, घरी आणलीत, आता काय करू?" "घरट्याचा रोज फोटो काढत होतो, आता पक्षी येतच नाहीत." प्रेमापोटीच सगळं झालेलं असतं, पण क्रम चुकलेला असतो. माणूस आधी पिल्लापाशी जातो आणि मग विचार करतो.

कोकणात ह्याच दिवसांत आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं अंगावर येतात. बाग बेणायची (वाढलेलं रान छाटायचं), फाटी (जळाऊ लाकडं) आत घ्यायची, कौलं परतायची, सुकलेले माड पाडायचे, पातेरा (वाळका पाला) गोळा करायचा. पिल्लं असतात नेमकी तिथेच. म्हणून बघणं आणि कामं ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरून चालत नाही. खालचे टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं घ्या.

टप्पा १: आधी घर आवरा

दुर्बीण नंतर. पहिली गोष्ट कुत्रा आणि मांजर.

पिल्लू घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याला नीट उडता येत नसतं. दयाळ, बुलबुल, सातभाई ह्यांची पिल्लं पहिले तीन-चार दिवस जमिनीवर, गडग्यावर (दगडी कुंपणावर), खालच्या फांद्यांवर धडपडत असतात. ह्या तीन-चार दिवसांत घरचं मांजर जेवढी पिल्लं मारतं तेवढी साप मारत नाही, हे मी पडवीत बसून पाहिलेलं आहे. घरट्यातली पिल्लं बाहेर पडायला आली असं दिसलं की मांजर निदान सकाळ-संध्याकाळ घरात कोंडा. कुत्रा दिवसा बांधा. मोकाट कुत्रं बरोबर असताना बागेत फेरी मारणं म्हणजे सगळ्या घरट्यांना दवंडी पिटणं.

दुसरी गोष्ट विहीर. कोकणात बिनकठड्याच्या विहिरी अजून पुष्कळ आहेत. पाण्याच्या शोधात कोल्हा, कांडेचोर (उदमांजर), मुंगूस, कधी बिबट्याही आत पडतो, आणि आई पाठोपाठ पिल्लं असली तर तीही. वर जाळी घालता आली तर उत्तम. नाही जमली तर पाण्यापर्यंत पोचेल अशी एक खरखरीत फळी किंवा जाड काथ्याचा दोर सोडून ठेवा. बिबट्या त्यानं वर येणार नाही, पण खार, कांडेचोर येतो. फवारणीची पिंपं आणि सिमेंटच्या टाक्या मात्र विसरू नका. आंबा बागेत ती अर्धी भरलेली उघडी पडून असतात आणि खारीची पिल्लं त्यात बुडून मरतात. झाकण घाला, नाहीतर आत एक झावळी उभी करून ठेवा.

तिसरी गोष्ट पाणी. मातीचं उथळ परळ, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. झुडपाला खेटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. चहूबाजूंनी दोन-तीन मीटर मोकळं हवं. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास तुम्हीच कराल. परळ घरट्याखाली ठेवू नका, कारण पाण्यावर कावळेही येतात आणि कावळा आला की वरचं घरटं त्याच्या नजरेला पडतं.

*तपासा:* बागेत कुठे जुनी नायलॉनची जाळी लोंबते आहे का? धामण, घुबड, पिल्लू, काहीही त्यात अडकतं. आजच गुंडाळून आत टाका.

टप्पा २: कोयती हातात घेण्याआधी एक रिकामी फेरी

बेणणीला गडी येण्याच्या आधी निदान चार दिवस ही फेरी मारा. हातात काही नको, फक्त वही-पेन्सिल. सकाळी उजाडल्यावर पाऊण तास. घरट्यात डोकावायचं नाही. कोणता पक्षी चोचीत काही घेऊन कुठल्या दिशेला जातो, एवढंच टिपायचं.

चोचीतला ऐवज बघायला शिका, तो सगळं सांगतो. काड्या, मुळ्या, कोळिष्टकं असली तर घरटं बांधणं चालू आहे. अळी, नाकतोडा, किडा घेऊन पक्षी स्वतः न खाता उडतो आहे, तर पिल्लं आहेत. आत जाताना अळी आणि बाहेर येताना चोचीत पांढरी गोळी, तर ती पिल्लांची विष्ठा आहे, आईबाप घरटं साफ करताहेत. हे दिसलं की पिल्लं आहेत ह्यात शंका ठेवू नका.

कुठे बघायचं? चिऱ्याच्या गडग्यातल्या फटी, मेलेल्या माडाचे खांब, आंब्या-फणसाच्या ढोल्या, विहिरीच्या आतल्या भिंतीतली बिळं (तिथे खंड्या असतो), पडवीतल्या वायरी आणि कपड्याच्या दोऱ्या. शिंजीर हा इवलासा पक्षी आपलं लोंबतं घरटं अगदी दाराशी बांधतो. कोळिष्टकं, सालीचे तुकडे, किड्यांची लेंडी चिकटवून केलेलं ते घरटं इतकं कचऱ्यासारखं दिसतं, की झाडणारा माणूस जळमट समजून केरसुणीनं ओढतो. पडवी झाडायच्या आधी वर बघा. शिंपी पक्ष्याचं घरटं दोन पानं शिवून केलेलं असतं आणि बहुतेक कमरेच्या उंचीवर, म्हणजे कोयतीच्या उंचीवर.

वहीत घर मध्ये काढा, विहीर, मांगर (बागेतलं खोपटं), गोठा, मोठी झाडं टाका आणि जिथे जिथे ये-जा दिसली तिथे फुली मारा. झाडाला लाल फडकं बांधू नका. ते तुम्हाला दिसतं तसं वाटेवरच्या पोरांनाही दिसतं. गड्यांना तोंडी सांगा, किंवा घरट्यापासून दहा पावलं अलीकडे एक दगड ठेवून "ह्याच्या पुढे बेणू नका" म्हणून दाखवा. आंबा काढणीला येणाऱ्यांना आणि राखणीवरच्या माणसांनाही हेच सांगा. झाडावर चढणारा तो असतो, तुम्ही नव्हे.

टप्पा ३: बसायची जागा ठरवा आणि ती बदलू नका

लोक चुकतात ते इथे. घरटं सापडलं की ते घरट्याच्या दिशेनं जागा शोधतात: "अजून थोडं पुढे गेलो तर नीट दिसेल." उलट करा. तुम्ही रोज जिथे बसताच त्या जागेवरून काय दिसतं ते आधी बघा. पडवीची पायरी, विहिरीचा कठडा, मांगराचं दार. पक्ष्यांना तुमच्या तिथल्या असण्याची सवय झालेली असते. पायरीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईकडे दयाळ ढुंकूनही बघत नाही, पण तीच बाई उठून चार पावलं त्याच्या ढोलीकडे गेली की तो शेपटी उडवत ओरडायला लागतो.

लहान पक्ष्यांसाठी पंधरा मीटर, टिटवीसाठी चाळीस-पन्नास मीटर, हा माझा अंदाजाचा हिशेब. पण खरं माप पक्षीच देतो:

- चोचीत खाऊ घेऊन तो जवळच्या फांदीवर बसला आहे आणि आत जात नाही.
- एकाच सुरात खरखरीत ओरडतो आहे, शेपटी वर-खाली करतो आहे.
- घरट्याभोवती घिरट्या घालून दुसरीकडेच जाऊन बसतो.

ह्यातलं काहीही दहा मिनिटं चाललं, तर तुम्ही फार जवळ आहात. उठा, सरळ मागे जा, उद्या आणखी दहा पावलं लांब बसा. "थोडा वेळ बसलो की सवय होईल" असं मनाशी म्हणू नका. तेवढ्या वेळात पिल्लं उपाशी राहतात.

दुर्बीण घ्यायची तर ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी) पुरेशी. त्याहून मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या मागे लागलात तर हात हलतो आणि बागेच्या अंधाऱ्या सावलीत काही दिसत नाही. कपडे मळखाऊ. मोबाइलचा फ्लॅश बंद, आवाज बंद. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणं हे पिल्लांच्या दिवसांत सरळ सरळ क्रूरपणाचं आहे. नर आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून घरटं सोडून भांडायला येतो, आणि आत पिल्लं वाट बघत राहतात.

*सावध:* सातभाई, बुलबुल, दयाळ, खार सगळे मिळून एकाच झुडपाभोवती कालवा करत असतील, तर ते तुमच्यावर ओरडत नाहीत. तिथे साप किंवा मांजर आहे. पाय कुठे टाकता ते बघा.

टप्पा ४: वेळ

सकाळी सहा ते साडेआठ, संध्याकाळी साडेचार ते पावणेसात. मधला वेळ त्यांना द्या. दुपारी बघायला जाऊ नये ह्याचं कारण टिटवीवरून नीट समजतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आमच्या घरामागे सडा आहे, काळा कातळ. एप्रिलात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. टिटवी अंडी घालते ती तिथेच, उघड्यावर. चार खडे सारून केलेली एक खळगी, कडेला चार-दोन शेळीच्या लेंड्या, आणि मध्ये टोकं आत करून ठेवलेली बहुधा चार अंडी, मातकट रंगावर काळे ठिपके. तीन फुटांवरून दिसत नाहीत. गेल्या एप्रिलात मी मांगराच्या दाराआडून दुर्बिणीतून बघत होते. भर दुपार. टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती, पाय थोडे फाकून उभी होती, पंख जरा सैल सोडलेले, चोच उघडी. अंड्यांवर तिची सावली पडेल अशी. थोड्या वेळानं जोडीदार आला, ही उडाली. तो आला होता व्हाळातल्या (ओढ्यातल्या) उरलेल्या डबक्याकडून आणि पोटाची पिसं ओली होती. तो सरळ अंड्यांवर बसला आणि त्या ओलाव्यानं त्यांना गारवा दिला. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा पाळी बदलली. हे असं अठ्ठावीस-तीस दिवस चालतं.

आता तुम्ही दुपारी बारा वाजता फोटोसाठी तिथे गेलात, टिटवी ओरडत वर उडाली, आणि तुम्ही पंधरा मिनिटं अंडी शोधत राहिलात, तर त्या तापलेल्या कातळावर अंड्यांचं काय होईल? आतला जीव भाजून निघतो. अंडी जागच्या जागी दिसतात, टिटवी पुढे कित्येक दिवस त्यांवर बसत राहते, पण पिल्लू निघत नाही. "टिटवीची अंडी वाया गेली" असं आपण म्हणतो, आणि का गेली ते आपल्याला कळतही नाही.

पिल्लं निघाली की ती त्याच दिवशी आईबापामागे चालायला लागतात. धोक्याचा आवाज आला की जिथल्या तिथे दबून दगड होतात. म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल किंवा पंख मोडल्यासारखी लंगडत समोरून चालत असेल, तर पुढे एक पाऊलही टाकू नका. पिल्लू कदाचित तुमच्या चपलेपाशी आहे. आल्या पावलावर पाऊल ठेवून मागे फिरा.

*सावध:* पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून सडा पेटवायची चाल अजून आहे. मार्च ते मे सडा पेटवला तर टिटवी आणि चंडोल दोघांचीही घरटी जातात, ससे जातात. भाजावळ (जमीन भाजणं) करायची तर तरव्यापुरती, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यापुरती, करा, आधी भोवतालचं गवत काढून पट्टा साफ करा, आणि पेटवण्याआधी कवळाच्या (तोडलेल्या डहाळ्यांच्या) ढिगाभोवती एक चक्कर मारून दांड्यानं ठोका.

टप्पा ५: ढोल्या आणि मेलेले माड

गेंड्या भुंग्यानं किंवा सोंड्या भुंग्यानं शेंडा खाल्लेला माड नुसता खांबासारखा उभा राहतो. त्यात आधी तांबट किंवा सुतारपक्षी भोक पाडतो, मग तिथे दयाळ येतो, साळुंकी येते, पोपट येतो, पिंगळा (छोटं घुबड) येतो. पावसाआधी तो घरावर पडू नये म्हणून आपण तो मे महिन्यात पाडतो. म्हणजे बरोबर पिल्लांच्या वेळी.

काही वर्षांपूर्वी आमच्या आगरातला असा एक माड आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाडला. खाली आपटून तो भोकापाशीच दुभंगला आणि आतून पिंगळ्याची तीन पिल्लं बाहेर पडली, अंगावर राखाडी लव, डोळे मोठे पिवळे. दोन जागीच गेली होती. तिसरं संध्याकाळपर्यंत जगलं. त्या दिवसापासून माझा नियम झाला: पाडायच्या माडाखाली दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी प्रत्येकी अर्धा तास बसल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. खांबाला ठोकून बघणं पुरत नाही. अंड्यांवर बसलेली मादी पुष्कळदा ठोकल्यावरही बाहेर येत नाही. पिंगळ्यासाठी तिन्हीसांजेचीच वेळ हवी, दिवेलागणीला ते भोकाच्या तोंडाशी येऊन बसतात.

भोक वापरात आहे असं दिसलं तर काय? थांबण्याचा काळ फार नसतो. दयाळाची अंडी दोन आठवड्यांच्या आत फुटतात आणि पुढे साधारण पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. पोपटाची पिल्लं जास्त दिवस, दीड महिन्याच्या आसपास आत राहतात, पण त्यांची सुरुवातही लवकर होते. मेअखेरपर्यंत बहुतेक ढोल्या रिकाम्या होतात. मृगाच्या आत माड पाडायला सवड मिळते. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: कुजत पडलेल्या खोडात भुंगे वाढतात आणि बाकीच्या माडांना त्रास होतो, म्हणून कृषी खात्याचा सल्ला मेलेले माड काढण्याचाच असतो. तो बरोबर आहे. तुम्ही फक्त तीन-चार आठवडे पुढे-मागे करा. माड घरावरच कललेला असेल तर मात्र थांबू नका, माणसं आधी. अशा वेळी भोकाचा भाग दोर लावून हळू उतरवता येतो का ते माडावर चढणाऱ्याला विचारा.

कौलं परतायची असतील तर तोच नियम. एका वेळी एकच पट्टा उघडा. कौलांखाली खारीचं घरटं काथ्या, कापूस, चिंध्यांचं असतं. पिल्लं सापडली तर घरट्यासकट एका परडीत ठेवा, परडी त्याच बाजूच्या वाशाला मांजर पोचणार नाही अशी बांधा, आणि सगळ्यांनी तासभर तिथून बाजूला व्हा. आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. माणसं छपरावर असतील तोवर ती येणार नाही, म्हणून काम तिथलं बंद करून दुसऱ्या बाजूला घ्या.

धनेशाची ढोली जवळ असेल, बहुधा देवरहाटीतल्या (देवराईतल्या) जुन्या झाडात, तर तिथे बसायलाच जाऊ नका. मादी स्वतःला आत कोंडून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर आणील त्यावर सगळं कुटुंब जगतं. नर बुजला की आत सगळे उपाशी. वड-उंबर पिकला असेल तिथे बसा, तो तिथे फळं घ्यायला येतोच. तेवढं दर्शन पुरे.

टप्पा ६: रात्र

माळ्यावर धावपळ, सकाळी बियांनी भरलेली विष्ठा, आणि कधी शिजलेल्या सुवासिक भातासारखा वास: कांडेचोर आहे. मे महिन्यात माळ्यावर पिल्लं असू शकतात. धूर करून हुसकू नका, आई पळते आणि पिल्लं धुरात राहतात. आई स्वतःच पिल्लांना घेऊन जाते, तेव्हा भोक बुजवा. बघायचं असेल तर विजेरीवर लाल कागद लावा आणि उजेड डोळ्यांवर न मारता बाजूला टाका.

टप्पा ७: जिथे थांबायचंच नाही

अंगावर पिवळट पट्टे असलेली रानडुकराची पिल्लं दिसली तर ती गोड दिसतात हे खरं, पण आई दहा पावलांवर आहे. ती आवाज न करता येते. पाठ न फिरवता मागे सरका, जवळ गडगा असेल तर त्यावर चढा.

मांजराएवढी पिल्लं बागेत सापडली की लगेच बिबट्याची म्हणून गाजावाजा होतो. पुष्कळदा ती रानमांजराची असतात. बिबट्याच्या पिल्लांच्या अंगावर गडद ठिपके असतात, रानमांजराच्या अंगावर पुसट पट्टे. पण हे ठरवायला जवळ जाऊ नका आणि उचलू तर नकाच. दोन्हीतली आई शिकारीला गेलेली असते आणि परत येते. काम थांबवा, कुत्री बांधा, माणसं हटवा, वन विभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवा. पिल्लं बिबट्याची असली तर वन विभाग बहुधा त्याच जागी संध्याकाळी ती ठेवून आईची वाट बघतो. तुम्ही आधीच ती गावात आणली असतील, दहा जणांनी कडेवर घेऊन फोटो काढले असतील, तर हे काम अवघड होतं, आणि पिल्लांना शोधत आलेली आई गावाजवळ फिरत राहते.

साप: घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि ती पावसाच्या तोंडावर. पिल्लू वितभर असलं तरी पहिल्या दिवसापासून विषारी असतं. फाटी, शेणी (गोवऱ्या), पातेरा हलवताना हात घालण्याआधी काठी घाला, पायात बूट असू द्या. चावलाच तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं काही नाही. हात-पाय हलू न देता १०८ किंवा मिळेल त्या गाडीनं रुग्णालय गाठा.

टप्पा ८: घर किनाऱ्यावर असेल तर

वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कासवमित्र उबवणीच्या कुंपणात ठेवतात. अंड्यांतून पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि त्यातली शेवटची एप्रिल-मेपर्यंत येतात. पण एखादं घरटं नजरेतून सुटतं. पिल्लं वाळूतून वर येतात ती उजेडाच्या दिशेनं चालतात, म्हणून समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवा, लग्नाची रोषणाई असली तरी. कुत्री बांधा. पिल्लं दिसली तर उचलून पाण्यात नेऊन टाकू नका, वाट मोकळी करून उभे राहा आणि कासवमित्राला बोलवा.

टप्पा ९: पिल्लू खाली सापडलं तर

चाकरमानी मुलंबाळं घेऊन आले की हा प्रसंग घरोघरी येतो. मुलांच्या हातात पिल्लू येण्याआधी पुढचं सगळ्यांना वाचून दाखवा.

आधी लांबून बघा. अंगावर पिसं आहेत, उड्या मारतं आहे, शेपटी आखूड आहे? मग ते पडलेलं नाही, ते घरट्यातून निघालेलं आहे आणि आईबाप जवळपास आहेत. मांजर कोंडा आणि निघून जा. वाटेत असेल तर तेवढंच उचलून जवळच्या झुडपात ठेवा.

अंग उघडं, डोळे मिटलेले, हलता येत नाही? मग ते पडलेलं आहे. घरटं दिसतं आणि हात पोचतो, तर परत ठेवा. "माणसाचा हात लागला की आई टाकते" हे पक्ष्यांच्या बाबतीत खरं नाही. वासावरून पिल्लू टाकणारा पक्षी मी पाहिलेला नाही, पुन्हा पुन्हा जाऊन त्रास दिल्यानं टाकणारे मात्र पुष्कळ. घरटंच मोडलं असेल तर करवंटीला तळाशी दोन-तीन भोकं पाडा, आत सुकं गवत घाला, पिल्लू ठेवा आणि जुन्या जागेपासून हातभर अंतरावर सावलीत बांधा. कापूस नको, तो ओला होतो आणि नख्यांत गुंततो. मग लांब बसून तासभर बघा. आई आली, खाऊ दिला, की तुमचं काम झालं.

काय करायचं नाही ते ध्यानात ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू मरतं. दूध, भात, बिस्किट, पाव काही देऊ नका. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुधा किडेच भरवतात.

मांजरानं तोंडात धरलेलं पिल्लू वरून ठीक दिसलं तरी ते ठीक नसतं, दातांची जखम आतून सडते. अशा वेळी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात, शांत ठेवा आणि १९२६ वर फोन करा किंवा जवळचा पशुवैद्य गाठा. वटवाघळाचं पिल्लू उघड्या हातानं कधीच उचलू नका. मुंगूस, कोल्हा, माकड, कोणीही चावलं-ओरबाडलं तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

आणि पिल्लू वाढवून पाळायचा विचार मनात आणू नका. पोपट, घुबड, रानमांजर, कुणीही असो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाला पुढे रानात जगता येत नाही.

टप्पा १०: नोंद, आणि मग कामं

वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी, अर्ध्या तासात किती फेऱ्या, चोचीत काय, एवढंच लिहा. सुट्टीत आलेल्या मुलाला हे काम द्या, घरट्याला हात लावायची खुमखुमी आपोआप जाते. अर्ध्या तासात पंधरा-वीस फेऱ्या होत्या आणि एके सकाळी एकदम दोनच झाल्या, तर पिल्लं बाहेर पडली आहेत किंवा काही घात झाला आहे. दोन्हींत घरट्यापाशी जाऊ नका, आधी आजूबाजूच्या झाडांवर पिल्लांचा चिवचिवाट ऐका. फोटो कुठे टाकलात तर घरट्याची जागा लिहू नका.

आता कामांचा क्रम. जिथे फुली नाही तिथलं बेणून घ्या, मेच्या पहिल्या पंधरवड्यात. फाटी आणि शेणी सकाळच्या उजेडात, वरून एकेक थर काढत. कौलं पट्ट्या-पट्ट्यानं. फुलीच्या जागा, सुकलेले माड आणि गडग्याची डागडुजी शेवटी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, तीन सकाळी लागोपाठ तिथे एकही फेरी दिसली नाही तरच. वळवाची सर मध्येच आली तर पक्षी तासभर फिरकत नाहीत, ती सकाळ मोजू नका. आणि वही फडताळात ठेवताना पुढच्या वर्षीच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा: रिकामी फेरी, २५ मार्च.